वल्लरीच्या पत्त्यावरून

९ जून २०२५, सोमवार

आज वल्लरीला मेल आला. तिच्या लॅपटॉपवरचे मेल नोव्हेंबरपासून मीच उघडतो. बहुतेक जाहिराती असतात, कुठल्या तरी अभ्यासक्रमांच्या नाहीतर कपड्यांच्या. आजचा मात्र कामाचा होता. तिचं ‘कारंजी’ नावाचं पॅकेज तपासणीत नापास झालं आहे, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त केलं नाही तर संग्रहातून काढून टाकण्यात येईल, असा मजकूर. खाली सही नाही. यंत्रानेच पाठवलेला असावा, कारण सुरुवात ‘प्रिय वल्लरी’ अशी होती.

संख्याशास्त्राचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. जगभरचे लोक त्यात आपापल्या कामाची भर घालतात, त्या प्रत्येक भरीला पॅकेज म्हणतात. वल्लरीने एम.एस्सी.ला असताना इथल्या, म्हैसूरच्या कारंजी तळ्यातल्या माशांवर काम केलं होतं. माशांच्या लांबीची मोजमापं दिली, की ते वर्षाला किती वेगाने वाढतात आणि किती वेगाने मरतात, हे तिचं पॅकेज काढून देतं. पुढे नोकरी लागली तरी रविवारी सकाळी केस विंचरायचे सोडून ती हेच करत बसायची. ‘देखभाल’ या शब्दासमोर तिचं एकटीचं नाव आहे.

अलकाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, काढू देत की. मला राग आला. उभा जन्म मी कारखान्यात गुणवत्ता विभागात घालवला. नापास झालेला माल दुरुस्त करून पास करणं हेच माझं काम होतं. मुलीचा माल नापास म्हणून परत आला आणि मी हात बांधून बसायचं, हे जमायचं नाही.

११ जून, बुधवार

बिघाड कुठे आहे ते सापडलं. सांगलीतून इथे आलो तेव्हापासून टेबलं आणि रकाने यांच्यात मुरलेला माणूस मी, पण हे नवं प्रकरण कळायला दोन दिवस नाकी नऊ आले.

मोजमापांना सगळ्यात चांगले बसतील असे आकडे शोधायचं काम सॉफ्टवेअरमधलं एक फंक्शन करतं. त्याला सुरुवातीचे अंदाज द्यायचे, मग ते थोडं इकडे, थोडं तिकडे करत हजारदा ताडून बघतं. या शोधायच्या आकड्यांना पॅरामीटर म्हणतात. वल्लरीने प्रत्येक आकड्याला नाव दिलं आहे. हा वाढीचा दर, हा मृत्यूचा दर. वापरणाऱ्याने ते कुठल्याही क्रमाने दिले तरी तिचं गणित नावाने हाक मारून हवा तो आकडा घेतं. आता ते शोधणारं फंक्शन नव्या आवृत्तीत बदललंय. आकडे आत पोचतात, नावं वाटेतच गळतात. मग वल्लरीचं गणित हाक मारतं, ओ कोणीच देत नाही, आणि उत्तर रिकामं येतं.

दोष तिचा नाही. हे मी अलकाला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, तिचा दोष आहे असं कोण म्हणालं?

१५ जून, रविवार

फोनवर सकाळपासून फादर्स डेच्या जाहिराती. फोन बंद करून ठेवला.

१८ जून, बुधवार

वल्लरीच्या पत्त्यावर अनुषा नावाच्या मुलीचा मेल आला. इथलीच आहे, जयलक्ष्मीपुरमला राहते, मत्स्यशास्त्रात संशोधन करते. सोसले गावाकडच्या एका तळ्यातल्या माशांचा हिशेब तिला करायचा आहे आणि कारंजी चालत नाही म्हणून अडून बसली आहे. ‘वल्लरी मॅम, कधी दुरुस्त होईल?’

काय उत्तर द्यावं हा प्रश्न पडला. मी कोण, मॅम कुठे आहेत, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये कुठे सांगत बसायचं? बिचारीचं काम अडलंय. आठवडाभरात होईल असं दोन ओळीत लिहिलं आणि खाली वल्लरीचं नाव आपोआप येतं ते तसंच राहू दिलं. लगेच तिचे आभार आले, सोबत हसरा चेहरा. सबंध दिवस मन हलकं होतं. अलकाने विचारलं, आज शीळ कशी काय वाजवताय? मी वाजवत होतो हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

२३ जून, सोमवार

झालं. कारंजी पास!

वल्लरीची नावांची भानगड मी काढूनच टाकली. पहिला आकडा वाढीचा, दुसरा मृत्यूचा. कारखान्यात आम्ही असंच करायचो, पहिल्या रकान्यात व्यास, दुसऱ्यात जाडी. रकाना बदलायची कोणाची छाती नव्हती. तिने दिलेल्या उदाहरणांत क्रम हाच आहे, त्यामुळे ती सगळी बिनबोभाट चालली. तिने लिहिलेली एक चाचणी तेवढी नापास होत राहिली, मुद्दाम उलटासुलटा क्रम देणारी. असं उलटं कोण देतं? ती चाचणी वगळली आणि पॅकेज पाठवलं. पाठवणारी व्यक्ती खरी आहे ना, हे बघायला संग्रहाकडून वल्लरीच्या पत्त्यावर एक दुवा येतो. तो मी दाबला.

अलकाला सांगायला बाहेर आलो. तिने विचारलं, कोणाच्या नावाने पाठवलंत? म्हटलं, तिच्याच, दुसऱ्या कोणाच्या? ती ताट तसंच ठेवून उठली. हल्ली तिला ॲसिडिटीचा फार त्रास होतो. डॉक्टरांना दाखवायला हवं.

८ जुलै, मंगळवार

आता रोज एखादा तरी मेल असतो. पोर्तुगालचा एक म्हातारा प्राध्यापक आहे, ब्राझीलची एक मुलगी आहे. मी वल्लरीचे जुने मेल वाचून तिची धाटणी उचलली आहे. ती वाक्यं छोटी लिहायची आणि शेवटी कायम हसरा चेहरा. पोर्तुगालच्या प्राध्यापकाने आज लिहिलं, तुम्ही इतक्या दिवसांनी परत आलात, बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. यात कोणाचं काय वाईट होतं?

अलका तिचे कपडे देऊन टाकायचं म्हणते. मी म्हटलं, घाई काय आहे? ती म्हणाली, आठ महिने म्हणजे घाई? खोलीत मी बसतो, कपाट माझ्या पाठीमागे आहे, मला काही अडचण होत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने आणलेल्या रिकाम्या पिशव्या परत घडी करून ठेवल्या. म्हणजे पटलं असावं.

संध्याकाळी शेजारच्या वनजाबाईंनी फाटकापाशी गाठलं. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते म्हणतात. मराठीत कानडी मिसळून बोलतात आणि स्पष्ट बोलतात. “नोडी, बघा उदयराव,” म्हणाल्या, “अलका माझ्या घरी येऊन रडती, पापा, बिचारी. तुम्ही सोल्प वेळ बसा की तिच्याजवळ.”

अलका रडते, हे मला नवीनच. माझ्यासमोर तर ती डोळेसुद्धा पुसत नाही. वनजाबाईंना थोडं तिखटमीठ लावायची सवय आहे.

३० जुलै, बुधवार

अनुषाचा लांबलचक मेल. कारंजीने तिला उत्तर दिलं. सोसलेच्या तळ्यातले मासे भराभर वाढतात आणि मरतात फार कमी, असं निघालं. तिच्या मार्गदर्शक बाईंनाही आश्चर्य वाटलं म्हणे. मासेमारांच्या सोसायटीत जाऊन तिने सांगितलं, की यंदा जाळी बंद ठेवायचा काळ कमी केला तरी चालेल. लोकांनी नारळ देऊन तिचा सत्कार केला. ‘हे सगळं तुमच्यामुळे, मॅम. मी एकदा येऊन तुम्हाला भेटू का?’

मेल दोनदा वाचला. तो नारळ खरं तर वल्लरीच्या मानाचा! भेटण्याच्या ओळीवर मात्र अडलो. लिहिलं, सध्या गावाला गेले आहे, आल्यावर कळवते.

अलकाला मेल दाखवावा असं फार वाटलं. दाखवला नाही. तिने खालचं माझं उत्तरही वाचलं असतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हात चालत नाही. तरी लिहितो.

हे पॅकेज वापरणाऱ्यांची एक चर्चेची जागा आहे, सगळ्या जगाला दिसणारी. तिथे अनुषाने लिहिलं आहे. कारंजीची जूनची आवृत्ती वाढीचा आणि मृत्यूचा दर यांची अदलाबदल करते. तिच्या बाईंच्या संगणकावर सॉफ्टवेअरही जुनं आणि कारंजीही जुनी, तिथे ताडून बघितलं तेव्हा कळलं. तळ्यातले मासे भराभर वाढत नाहीत, भराभर मरताहेत. तिला सोसलेला परत जाऊन, हात जोडून, मी चुकीचं सांगितलं असं सगळ्यांपुढे म्हणावं लागलं. तोवर सोसायटीने तळ्यात जाळी टाकलीच होती. शेवटी लिहिलं आहे, ‘वल्लरी मॅम मेलना गोड उत्तरं देतात आणि काम न तपासता पाठवतात.’ त्याखाली आणखी कोणी तरी लिहिलंय, हिच्या कुठल्याच कामावर आता विश्वास ठेवू नका. पोर्तुगालच्या प्राध्यापकानेही, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं लिहिलं.

अनुषाने तिथेच जोडलेला सगळा हिशेब मी करून बघितला. अनुषाने सुरुवातीचे अंदाज देताना मृत्यूचा दर आधी लिहिला होता आणि वाढीचा नंतर. त्यांच्या विभागात तीच पद्धत असेल. माझ्या दुरुस्तीने पहिला आकडा डोळे मिटून वाढीचा धरला. गणित बरोबर झालं, आकडेही बरोबर निघाले, फक्त उत्तर छापताना अनुषाने दिलेली नावं तिच्या क्रमाने चिकटली. वाढीच्या आकड्यावर मृत्यूची चिठ्ठी आणि मृत्यूच्या आकड्यावर वाढीची. दोन्ही आकडे साधारण एकाच मापाचे, त्यामुळे बघणाऱ्याला शंका येत नाही.

वल्लरीने यासाठीच नावं ठेवली होती. मी वगळलेली ती चाचणी नेमकी हेच पकडण्यासाठी होती. असं उलटं कोण देतं, असं मी विचारलं होतं. सरळ साधी माणसं देतात.

आणि शिव्या तिला बसताहेत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुरुस्ती अवघड नव्हती. आत आलेल्या आकड्यांना दाराशीच वापरणाऱ्याने दिलेली नावं पुन्हा बांधायची, की पुढे वल्लरीचं सगळं जसंच्या तसं चालतं. तिच्या एका ओळीलाही हात लावायला नको होता. तिची ती चाचणी परत घातली, पास झाली. जूनमध्ये हे सुचलं नाही, कारण मला तिची पद्धत समजून घ्यायची नव्हती, माझी चालवायची होती.

आता गुपचूप नवी आवृत्ती पाठवावी आणि तिच्या नावाने माफी मागावी, असा बेत होता. मजकूरही इंग्रजीत लिहून काढला, ‘माझ्या हातून निष्काळजीपणा झाला, मला क्षमा करा, वल्लरी.’ अलका चहा घेऊन आली आणि मागे उभी राहून तिने तो वाचला. अलका चोवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होती, तिला न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

कप टेबलावर ठेवून ती म्हणाली, “कशाची माफी मागतेय ती?”

मी चूक समजावून सांगायला लागलो. नावं, क्रम, अदलाबदल. तिने मध्येच थांबवलं.

“चूक कोणाची आहे?”

“माझी.”

“मग ती का माफी मागतेय?”

मी म्हटलं, अगं, लोकांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल. ती कॉटवर बसली. वल्लरीच्या कॉटवर ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बसली असेल.

“मी रोज सांगते, अहो. बँकेत सांगितलं. गॅसवाल्याला सांगितलं. तिच्या शिंपिणीचा फोन आला, ब्लाउज शिवून तयार आहे म्हणून, तिला सांगितलं. तुमच्या बहिणीला फोनवर मीच सांगितलं, तुम्ही बाल्कनीत जाऊन उभे राहिलात. प्रत्येक वेळी मला म्हणावं लागतं, वल्लरी वारली. तुम्ही एकदा तरी कोणाला सांगितलंत?”

मी आठवून बघितलं. खरंच नाही.

“ती असताना तिचं काम चोख होतं,” अलका म्हणाली. “तिला लोक निष्काळजी म्हणताहेत. ती वारल्यावर तुम्ही हे केलंत, एवढं जरी सांगितलंत ना, तरी ती सुटेल.”

मग ती रडली. माझ्यासमोर. वनजाबाई तिखटमीठ लावत नव्हत्या. मी खुर्चीतून उठून तिच्याजवळ जाऊन बसलो. मला रडू येईना आणि त्याची लाज वाटत राहिली. चहा तसाच गार झाला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अनुषाला मेल पाठवला. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून, माझ्या नावाने. मी वल्लरीचा बाप, रविवारी हिनकलला घरी याल का, समोर बसून काही सांगायचं आहे, एवढंच. तिने फक्त ‘येते’ लिहिलं. हसरा चेहरा नव्हता.

२४ ऑगस्ट, रविवार

अनुषा आली. पंचविशीची, बारीक चणीची, रागाने ओठ घट्ट मिटलेली. घरात मराठी बोलतात म्हणाली, वनजाबाईंसारखीच जुन्या फौजी घराण्यातली. दारात चप्पल काढता काढताच तिने विचारलं, मॅम गावाहून आल्या का?

अलका माझ्या शेजारी उभी होती. नेहमी अशा वेळी तीच बोलते. आज बोलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि थांबली.

अनुषा एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

“वल्लरी वारली,” मी म्हटलं. “नोव्हेंबरमध्ये. तापाचं निमित्त झालं. तुम्हाला मेल लिहीत होतो तो मी.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा चेहरा पडला. मी सगळं सांगितलं, जूनची दुरुस्ती, वगळलेली चाचणी, गावाला गेल्याची थापसुद्धा. ती रागावेल म्हणून तयार होतो, रागवायचा तिला पूर्ण हक्क होता. पण ती पायरीवरच बसली.

“मी मॅमला लई वाईट लिहिली, अंकल,” म्हणाली. “मला गोत्तिल्ला. खरंच, मला माहीत नव्हतं.”

इतक्या महिन्यांनी तेव्हा मला रडू आलं, एका परक्या मुलीसमोर, दारातच. अलकाने दोघांनाही आत नेलं. पाणी दिलं. अनुषाने सोसलेचं सांगितलं. बारकी मासळी जाळ्यात गेली ती गेलीच, पुढच्या वर्षी तळं रिकामं राहील, सोसायटीतली माणसं आता तिच्याशी धड बोलत नाहीत. हे मला भरून देता येणारं नाही. मी तिच्याबरोबर सोसलेला येऊन त्या माणसांना सांगेन, की चूक या मुलीची नव्हती, असं म्हटलं. ती म्हणाली, बाईंना विचारून सांगते.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अलका शेजारी खुर्ची घेऊन बसली. चर्चेच्या जागी लिहायचा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला. माझं वाक्य लांबायचं, ती कापायची. मी ‘ती आता आपल्यात नाही’ असं काहीतरी लिहिलं होतं. अलकाने ते खोडायला लावलं, मुलांच्या निबंधात खोडायची तसं. म्हणाली, सरळ लिहा. शेवटी असं झालं:

‘वल्लरी चौदा नोव्हेंबर २०२४ रोजी वारली. कारंजीची जून २०२५ ची आवृत्ती मी, तिच्या वडिलांनी, तिच्या पत्त्यावरून पाठवली. तुमच्या मेलना उत्तरंही मीच दिली. पॅरामीटरची नावं काढून मी क्रमावर विसंबलो आणि ही चूक पकडणारी तिची चाचणी वगळली. तिच्या हातच्या कुठल्याही आवृत्तीत हा दोष नव्हता. अनुषा यांच्या कामातली चूक माझ्यामुळे झाली. नव्या आवृत्तीत वल्लरीचं काम तिने ठेवलं होतं तसं परत ठेवलं आहे.’

‘पाठवा’वर बोट ठेवलं, दाबवेना. अलकाने माझं मनगट धरलं. पाठवलं.

नव्या आवृत्तीत ‘देखभाल’ समोर आता माझं नाव घातलं आहे. ‘लेखक’ समोर तिचं. संग्रहाचा नियम असा, की देखभाल करणारा बदलायचा तर आधीच्या व्यक्तीने आपल्या जुन्या पत्त्यावरून संमती कळवायला हवी. त्याप्रमाणे तिच्या पत्त्यावर मेल आला, ‘प्रिय वल्लरी, हा बदल तुम्हाला मान्य आहे का?’ हो म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. मी माझ्या पत्त्यावरून संग्रहाच्या लोकांना लिहिलं, की ती संमती देऊ शकत नाही, ती वारली आहे. दुसऱ्यांदा लिहितानाही सोपं गेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

संग्रहाच्या एका माणसाने, यंत्राने नव्हे, उत्तर दिलं. दुःख झालं असं लिहिलं आणि बदल करून दिला. चर्चेच्या जागी अनुषाने आपलं जुनं लिहिणं काढून टाकलं नाही, त्याखाली नवं लिहिलं, की मॅमचं काम बरोबर होतं. पोर्तुगालच्या प्राध्यापकाने मला लिहिलं. ब्राझीलच्या मुलीने लिहिलं. वल्लरीला कधीही न भेटलेले कितीतरी लोक लिहिताहेत. कोणाला तिने कधी मदत केली होती, कोणाची चूक तिने न हसता दाखवून दिली होती. सगळं माझ्या पत्त्यावर येतं. मी ते अलकाला वाचून दाखवतो, ती मधेच थांबवून एखादं वाक्य पुन्हा वाचायला लावते. परवा सोसलेला जायचं ठरलं आहे, अलकाही येते म्हणाली.

तिचा लॅपटॉप रोज एकदा उघडतो. आधीच्या सवयीने. आता सगळ्यांना कळलं आहे, त्यामुळे तिला कोणी काही विचारत नाही. आज दुपारी अलका दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, काही आलंय का तिला?

मी म्हटलं, नाही.